देवाच्या दारी कोणाची दाद लागते?

चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या, खुरपणीला जाताना मोबाइल कमरेला खोचून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, वहिनी, मावशींना बचत गटाच्या आम्हा समन्वयकांचा नमस्कार.

गेल्या काही भागांत आपण न्यायाबद्दल बोलतोय. ग्रामसभेत तक्रार कशी मांडायची ते झालं, सातबाऱ्यावर नाव लावायला काय लागतं तेही झालं. आज देवाच्या न्यायाबद्दल बोलू, आणि तो बायबलमध्ये कसा सांगितलाय ते पाहू. आपल्या गटांत सगळ्या घरच्या बाया आहेत, त्यात ख्रिस्ती बहिणीही आहेत. त्यांच्या तोंडून ‘न्यायाचा दिवस’ हा शब्द आपण ऐकतो, आणि आपल्या डोळ्यांपुढे लगेच आग, धूर आणि काठी उगारलेला देव उभा राहतो. खरं सांगायचं तर ख्रिस्ती बहिणींच्याही डोळ्यांपुढे बऱ्याचदा तेच चित्र असतं. म्हणून आम्ही मूळ पुस्तकच वाचायला घेतलं. आम्ही काही धर्मोपदेशक नाही. पण वाचता येतं, आणि गटाच्या वह्या लिहून लिहून कोण कोणाचं किती देणं लागतं याकडे आमचं लक्ष आधी जातं.

बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, ती पुस्तकांची पेटी आहे. प्रोटेस्टंट मंडळी त्यात 66 पुस्तकं मोजतात, कॅथलिक मंडळी 73. कित्येक शतकांत, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. त्यामुळे देवाच्या न्यायाचं एकच चित्र त्यात नाही, आणि काही ठिकाणी तर एक पुस्तक दुसऱ्याशी वाद घालतं. आपल्या भाषेत हे सगळं आणणाऱ्यांत एक बाई आहे, हेही सांगून ठेवतो. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बायकांनाही ते कळावं हा त्यांचा हट्ट. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते संपूर्ण छापून निघालं.

आता मुद्द्यावर येतो. बायबलमधल्या स्तोत्रांत एके ठिकाणी असं वर्णन आहे की देव न्याय करायला येणार म्हणून शेतं खूश झालीत आणि रानातली झाडं गाऊ लागलीत. आम्ही इथे थबकलो. न्याय करायला कोणी येणार म्हटल्यावर खूश कोण होतं? ज्याने काही लाटलंय तो तर नक्कीच नाही. खूश होतो तो, ज्याचा अर्ज वर्षानुवर्षं पडून आहे.

त्या काळच्या इस्राएलात गावाच्या वेशीत वडीलधारे बसायचे आणि तिथेच निवाडे व्हायचे. आपल्या चावडीसारखं. तिथे बोलायला घरचा कर्ता पुरुष लागायचा. मग जिला नवरा नाही, ज्याला बाप नाही, जो परमुलखातून पोट भरायला आलाय, त्यांचं कोण ऐकणार? म्हणून बायबलच्या नियमशास्त्रात विधवा, अनाथ आणि परका ही तीन नावं पुन्हा पुन्हा, जोडीने येतात. यांना छळलं आणि त्यांनी माझ्याकडे गाऱ्हाणं केलं तर ते मी ऐकणारच, असं देव तिथे सांगतो. म्हणजे वेशीत ज्यांची दाद लागत नाही त्यांच्यासाठी वरचं कोर्ट.

आणि या वरच्या कोर्टाला बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालायची सवय आहे. हे आम्हाला फार आवडलं. गरिबाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलंस तर दिवस मावळायच्या आत परत दे, कारण रात्री तो दुसरं काय अंगावर घेणार? विधवेचं वस्त्र तर गहाण घ्यायचंच नाही. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत हातावर टेकवायची. आणि जातं गहाण घ्यायचं नाही, जात्याचा नुसता वरचा दगडही नाही, कारण ते म्हणजे त्या घराचा जीवच गहाण घेणं झालं. वसुलीला आलेल्या माणसाने शिलाई मशीन उचलून नेलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. तीन हजार वर्षांपूर्वी म्हणा, अडीच हजार म्हणा, कोणीतरी जात्याचा वरचा दगड उचलून चालू लागला असणार आणि मागे बाई रडली असणार. त्याशिवाय असा नियम सुचत नाही.

पुढे आमोस नावाचा संदेष्टा झाला, येशूच्या साडेसातशे वर्षं आधी. तकोवा गावचा, मेंढरं राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. त्याने व्यापाऱ्यांना तोंडावर सुनावलं की तुमचं माप लहान, तुमचं वजन खोटं, आणि गव्हाबरोबर तुम्ही भुसकटही विकता. सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो असं तुम्हाला झालेलं असतं. न्यायाचा दिवस येऊ दे म्हणून मिरवणाऱ्यांना तो म्हणाला की तो दिवस तुम्हाला उजेडाचा नव्हे, अंधाराचा असेल. भजन, यज्ञ, सणवार सगळं जोरात चालू होतं बरं का. देवाने तिकडे न पाहता तराजूकडे पाहिलं.

आता नाबोथाची गोष्ट सांगतो, कारण ती जमिनीची आहे. अहाब नावाचा राजा होता. इज्रेल गावी त्याचा वाडा, आणि वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. तो म्हणाला, मळा दे, याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे देतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, नाही देणार. झालं. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी आणि भाजीच्या वाफ्यासाठी रुसला! त्याची राणी ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मी मिळवून देते. तिने राजाच्या शिक्क्याची पत्रं गावच्या पुढाऱ्यांना धाडली. उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला सगळ्यांसमोर बसवा, दोन भाडोत्री माणसं उभी करा, आणि त्यांनी म्हणायचं की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. दोनच का? कारण कायद्याला दोन साक्षीदार लागत. सगळं कसं नियमाप्रमाणे, कागद पूर्ण! नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठार केलं, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला.

तिथेच, मळ्यात, एलीया संदेष्टा त्याला आडवा आला. खूनही केलास आणि वर ताबाही घेतलास ना, हाच त्याचा पहिला सवाल. गावात कोणी बोललं नव्हतं. पुढाऱ्यांना माहीत होतं, त्या दोघा साक्षीदारांना माहीत होतं, तरी गाव गप्प होतं. जिथे नाबोथाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं तिथेच तुझंही चाटतील, असा निकाल एलीयाने सुनावला. एका शेतकऱ्याचं नाव देवाच्या वहीत आहे आणि राजाच्या शिक्क्याने ते खोडता येत नाही, असा या गोष्टीचा अर्थ आम्ही घेतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, आणि मग देवाने सांगितलं की याच्या घराण्यावरचं अरिष्ट याच्या हयातीत नाही, याच्या मुलाच्या काळात आणीन. हे वाचल्यावर आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, मग पोराचा काय गुन्हा? बरोबरच विचारलं तिने. आणि हाच प्रश्न बायबलमध्येही उठलाय. बापाने आंबट द्राक्षं खावीत आणि दात मुलांचे आंबावेत, अशा अर्थाची एक म्हण त्या लोकांत होती. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याने, लोक बाबेलात कैदेत असताना, ही म्हण यापुढे बंद म्हणून सांगितलं. ज्याचं पाप त्याच्यापाशी. बापाचं मुलाच्या माथी नाही, मुलाचं बापाच्या माथी नाही. आधी म्हटलं ना, पुस्तकं एकमेकांशी वाद घालतात, ते हे असं.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते बोलतो. आपल्याकडे पाळणा हलला नाही, नवरा अचानक गेला, मूल अधू जन्मलं, की ओट्यावर निकाल लागतो. कुठलं तरी पाप असणार. देवाच्या काठीला आवाज नसतो. आमच्या एका गटातल्या बाईचा नवरा तिच्या पस्तिसाव्या वर्षी गेला. तिचा कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला गल्लीतून बोलावणं आलं नाही, आणि वर तिच्या सासरच्या एका बाईने ऐकवलं की देवाने न्याय केला. गटाच्या बैठकीत हे सांगताना ती रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “गुन्हा कोणता ते तरी सांगा.”

बायबलमध्ये एक अख्खं पुस्तक याच वाक्यावर उभं आहे. ईयोब नावाचा माणूस, सरळमार्गी, देवाला भिऊन चालणारा. एका दिवसात त्याचे बैल, गाढवं, मेंढरं, उंट गेले, आणि वाऱ्याने घर कोसळून दहाही मुलं गेली. मग अंगभर फोड उठले. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत होता. (त्याच्या बायकोच्या तोंडी एकच कडवट वाक्य आहे, आणि त्यावरून तिला फार बोल लावले गेलेत. पण ती दहा मुलं तिचीही होती. तिच्याजवळ येऊन कोणी बसल्याचं आम्हाला सापडलं नाही.) तीन मित्र त्याला भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द न बोलता. आमच्या मते ते शहाणपण तिथेच संपलं. आठव्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडलं आणि जे सुरू केलं ते आपल्या ओट्यासारखंच. देव अन्याय करत नाही, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील. आठव, कबूल कर.

ईयोब कबूल होत नाही. तो देवाशी भांडतो, माझ्यावरचा आरोप लिहून दे म्हणतो, माझा खटला चालव म्हणतो. पानंच्या पानं हे चालतं. शेवटी देव वावटळीतून बोलतो. ईयोबाला कारण काही मिळत नाही, हे खरं आहे. देव त्याला समुद्र, तारे, रानगाढवं, घोडे, गरुड दाखवतो आणि विचारतो की हे सगळं तू चालवतोस का. पण मित्रांबद्दलचा निकाल मात्र स्वच्छ आहे. देव त्यांच्यावर रागावला. माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सांगितलं आणि आता ईयोबच तुमच्यासाठी प्रार्थना करेल म्हणून बजावलं. देवाची बाजू घेऊन दुःखी माणसाला दोषी ठरवणाऱ्यांविरुद्ध देवानेच निकाल दिला, मैत्रिणींनो. हे पान आम्ही त्या गटात मोठ्याने वाचलं. त्या बाईने ते परत वाचायला लावलं.

येशूपुढेही हा प्रश्न आला होता. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्हींना नाही म्हटलं. यरुशलेमेत शिलोहाजवळ एक बुरूज पडून अठरा माणसं मेली, त्यांच्याबद्दलही तो म्हणाला की ती काही बाकीच्यांपेक्षा जास्त पापी नव्हती. मात्र लगेच पुढे ऐकणाऱ्यांना त्याने बजावलं की तुम्ही आपापलं वागणं सुधारा. दुसऱ्याच्या मढ्यावरून निकाल काढू नका, स्वतःच्या वहीत बघा, असाच त्याचा रोख दिसतो.

ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी एक छोटी गोष्ट आहे, ती सहज नजरेतून निसटते. त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलग्यांची नावं दिलेली नाहीत, मुलींची दिलीत. यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूख. आणि बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतनात वाटा दिला.

वाट्याचा विषय निघालाच आहे तर सलाफहादाच्या मुलींना विसरून चालणार नाही. ‘गणना’ नावाच्या पुस्तकात त्या येतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, पाच बहिणी. बाप रानात वारला, भाऊ नाही. जमीन वाटायची वेळ आली आणि हिशोबात नावं फक्त पुरुषांची. त्या पाच जणी सगळ्या मंडळीसमोर, मोशे आणि याजक आणि सरदार बसले होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? आम्हालाही काकांच्या बरोबरीने वाटा द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही. त्याने प्रकरण देवापुढे नेलं. देवाचा निकाल आला की मुलींचं म्हणणं बरोबर आहे, वतन त्यांच्या नावावर करा. आणि एवढ्यावर न थांबता पुढच्या सगळ्यांसाठी तसा नियमच झाला.

याला आम्ही देवाच्या न्यायाची गोष्ट म्हणतो. आग नाही, धूर नाही. पाच बाया अर्ज घेऊन गेल्या आणि कायदा बदलला. अर्थात पुरता नाही. मुलगा नसेल तरच मुलीला, असा तो नियम होता. शिवाय पुढे कुळातल्या वडीलधाऱ्यांनी तक्रार केली की या बाहेर लग्न करतील आणि जमीन दुसऱ्यांकडे जाईल, तेव्हा आपल्याच वंशात लग्न करायची अट पडली. जमीन मिळाली, मागोमाग अटही आली. आपल्या महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्माने हक्क मिळाला, आणि तरी हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी बोलावणं येतंच की.

आता जे वाचवत नाही तेही सांगायला हवं. जलप्रलय आहे. यहोशवाच्या पुस्तकात शहरंच्या शहरं, लेकराबाळांसकट, देवाच्या नावाने कापलेली आहेत. मिसर देशाचा राजा गुलामांना सोडेना, तेव्हा देवाने त्या देशातला प्रत्येक पहिला मुलगा मारला, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की राजाच्या मुलापासून ते जात्यामागे बसलेल्या दासीच्या मुलापर्यंत. जात्यामागे बसलेली दासी! तिने कोणाला गुलाम केलं होतं? जुने टीकाकार याची कारणं देतात, काही म्हणतात की हे युद्धकथांचं बोलणं आहे, शब्दशः घेऊ नका. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. त्या दासीबद्दल पुस्तक पुढे एक अक्षर बोलत नाही, आणि आम्ही तिच्या वतीने कोणाला माफी देऊन टाकणार नाही.

मात्र देवाला असं विचारायची सोय बायबलमध्येच आहे. सदोम शहराचा नाश होणार असं कळल्यावर अब्राहाम देवापुढे उभा राहिला. चांगल्याला वाइटाबरोबर मारणार का, सगळ्या जगाचा न्यायाधीश तू, तूच न्याय नाही करणार? आणि मग बाजारात घासाघीस करावी तशी त्याने केली. पन्नास भले लोक असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस? दहा? देव दरवेळी हो म्हणत गेला. (सदोमाचं पाप काय, याबद्दल पुष्कळ बोललं जातं. यहेज्केलाने दिलेलं उत्तर फारसं कोणी सांगत नाही. पोटभर खायला होतं, सुखात होते, ताठा होता आणि गरिबाला हात दिला नाही.)

आणि शेवटच्या निवाड्याचं जे चित्र मत्तयाच्या पुस्तकात आहे, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसं, त्यात विचारलेले प्रश्न किती साधे आहेत पाहा. भुकेल्याला जेवायला घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. दोन्हीकडचे लोक चकित होतात, कारण ती वेळ परीक्षेची होती हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

वेळ संपत आली, योनाची गोष्ट तेवढी सांगते आमच्यातली एक जण, तिची ती आवडती आहे. निनवे हे अश्शूरांचं मोठं शहर, आजच्या इराकमध्ये, मोसुलजवळ. क्रूर म्हणून त्यांची ख्याती. योनाला देवाने तिकडे धाडलं, तो उलट्या दिशेने पळाला, माशाच्या पोटातून परत आला, ते सगळं तुम्हाला ठाऊक असेल. शेवटी गेला आणि ओरडला की चाळीस दिवसांत हे शहर पालथं होणार. तर काय, अख्खं शहर ताळ्यावर आलं! राजा सिंहासन सोडून राखेत बसला, लोकांनी उपास धरला, गुराढोरांनाही गोणपाट पांघरलं आणि चारापाणी बंद. देवाने निकाल मागे घेतला.

योना भडकला. आपण सांगितलेलं खोटं ठरलं आणि शत्रू सुटला. शहराबाहेर जाऊन फुरंगटून बसला. देवाने त्याच्यावर सावलीला एक वेल उगवला, दुसऱ्या दिवशी किडीने तो वाळला, आणि ऊन लागल्यावर योना वेलासाठी मरायला निघाला. तेव्हा देवाने त्याला विचारलं की न लावलेल्या, न वाढवलेल्या वेलाची तुला एवढी कीव, मग मला त्या शहराची येऊ नये? तिथे एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत ज्यांना उजवंडावं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंही आहेत. पुस्तक तिथेच संपतं. योना काय म्हणाला ते लिहिलेलं नाही. तुमच्या गटात विचारून पाहा, तो काय म्हणाला असेल, आणि आम्हाला कळवा.

पुढच्या भागात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेलेल्या रूथ नावाच्या विधवा सुनेची आणि तिच्या सासूची गोष्ट घेऊ. त्यात जमिनीचा व्यवहार आहे, तोही वेशीत बसून झालेला. नमस्कार.